ब्रुनाचं क्रियापद

८ जानेवारी, बुधवार

सणाचे दिवस संपले. एलादिओ गेला त्याला आज अकरा आठवडे झाले.

सकाळी सातुरभावजी आले. टोपी काढली नाही, म्हणजे काम होतं.

"वहिनी, ब्रुनाचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? ती चुलीपुढे झोपली आहे."

"तेच म्हणतोय. अख्ख्या खोऱ्यात असं नाक नाही, आणि ते चुलीपुढे झोपलंय. ऐन ट्रफलच्या हंगामात!"

मग मुद्द्यावर आले. आठ वर्षांपूर्वी हे पिल्लू आणायला दोघे भाऊ मिळून गेले होते, तेव्हा अर्धी कुत्री त्यांची. मी विचारलं, कुठली अर्धी? "पुढची," म्हणाले. "नाकाची."

मी म्हटलं, मी नेते तिला रानात. भावजी इतके हसले की टोपी पडली. मातीखालची ती महागडी अळंबी सापडायच्या जागा एलादिओने कुणाला सांगितल्या नाहीत. कुणीच सांगत नाही, बापही मुलाला नाही. ट्रफल काढणारा मेला की जागा त्याच्याबरोबर जातात. राहतं ते फक्त कुत्रं. त्याला माहीत असतं.

शेवटी ओनोरिनाच्या बारमध्ये, तिच्यासमोर ठरलं. पंधरा मार्चला हंगाम संपतो. तोवर मी ब्रुनाबरोबर जाऊन एक तरी ट्रफल काढून दाखवायचं, अगदी अक्रोडाएवढं का असेना. दाखवलं तर कुत्री माझी, नाकासकट. नाही तर त्यांची, शेपटीसकट.

मी हो म्हणाले.  ट्रफल मला आवडतही नाही. पण दुपारी एक वाजला की ब्रुना उठून दाराशी जाते आणि त्याची वाट बघते. या घरात ही गोष्ट करणाऱ्या आम्ही दोघीच आहोत.

जेवायला मसूर केली. दोघांची झाली. मला दुसरं माप येत नाही. त्याचं ताट ब्रुनाने चाटूनपुसून संपवलं. तिला तरी भूक लागते, हे बरं.

९ जानेवारी, गुरुवार

वाचनालयाची गाडी आली. दर तीन आठवड्यांनी गुरुवारी चौकात पाऊण तास थांबते. गाडी चालवते निएवेस आणि पुस्तकंही देते तीच. मी तिच्याकडे शब्द कुठून आले ते सांगणारा कोश मागितला.

"काकू, या रस्त्यावर सगळे माझ्याकडे खुनाच्या कादंबऱ्या मागतात!"

"खून कुणी केला ते शेवटच्या पानावर कळतंच. मला जे हवंय ते तसं कळत नाही."

मला हवंय ते असं. किल्ली सापडली, चष्मा सापडला, तर एलादिओ सगळ्यांसारखं रोजचं क्रियापद वापरायचा. ट्रफल सापडलं की मात्र 'आयार'. अर्थ तोच, पण जुना, पुस्तकी शब्द. तो तर पुस्तकाला हात लावत नसे. मी एकदा विचारलं होतं. म्हणाला, "बाबा असंच म्हणायचे." आणि बूट काढायला लागला. आता विचारायला कुणी नाही, म्हणून कोश.

निएवेस म्हणाली, जिल्ह्याच्या वाचनालयातून मागवते, पुढच्या फेरीला आणते.

११ जानेवारी, शनिवार

पहिली मोहीम. पाण्याच्या नळावर बर्फ होतं. निघण्याआधी ब्रुनाला गरम दुधात पाव कुस्करून दिला. उपाशीपोटी कुणाला कामाला पाठवायचं नाही, ही माझ्या आईची शिकवण.

रानात ओकच्या झाडांखाली गवत करपलेली गोल वर्तुळं दिसतात. ट्रफल तिथेच, वीतभर खाली. एवढं मलाही ठाऊक आहे. मी पुढे चालले, प्रत्येक वर्तुळापाशी काठी टेकवली आणि म्हटलं, "इथे बघ." ब्रुना काठीकडे बघायची. सातव्या झाडापाशी ती झोपली. मीही टेकले आणि बरोबर नेलेला आम्लेटचा तुकडा दोघींनी मिळून खाल्ला.

वाटेत सातुरभावजी तीनदा भेटले. तिन्ही वेळा दगडाआड बसून बुटाची नाडी बांधत होते. घरी आल्यावर आठवलं, त्यांच्या बुटांना नाड्या नसतात, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आहेत. नवे घेतले असतील.

१७ जानेवारी, शुक्रवार

संत आंतोनचा दिवस. सगळ्यांनी आपापली जनावरं आशीर्वादासाठी चर्चच्या दारात आणली. मेंढ्या, सात कुत्री, एक कॅनरी पक्षी, आणि ओनोरिनाची कोंबडी पिशवीत.

पाद्रीबाबा पाणी शिंपडत ब्रुनापाशी आले. ती उठली, त्यांच्या झग्यात डोकं घातलं आणि चांदीच्या कागदात गुंडाळलेला सॉसेजचा पाव घेऊन बाहेर आली.

"तो मिस्साची प्रार्थना झाल्यानंतरसाठी होता," पाद्रीबाबा लाल होऊन म्हणाले.

सातुरभावजी मागून ओरडले, "वहिनी, अभिनंदन! हंगामातलं पहिलं सापडलं!"

सगळे हसले. मीही हसले. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा मोठ्याने, आणि तेही चर्चच्या दारात. मग कान गरम झाले. पण लोक चांगले आहेत. प्रत्येकाने ब्रुनाला काही ना काही भरवलं.

२३ जानेवारी, गुरुवार

आतापर्यंत सहा वेळा रानात. काही नाही.

सातुरभावजींविषयी माझं मत बदललं. पैज लावूनही त्यांच्या मनात अढी नाही. दर दोन दिवसांनी ब्रुनासाठी कोकराचं हाड आणतात, चांगलं मांस असलेलं, आणि तेही सकाळी सकाळी, मी निघायच्या आत. "खाऊ दे बिचारीला, वहिनी, थंडी आहे." म्हातारपणी माणूस मऊ होतो.

कांदिदोचं तसं नाही. तो मधमाश्या पाळतो, वरच्या आळीत राहतो, बायको जाऊन सहा वर्षं झाली. काल त्याने माझ्या अंगणात न सांगता लाकडं फोडून रचून ठेवली. आज विचारत होता, छप्पर गळतंय का. माणूस उगाच लाकडं फोडत नाही. त्याचाही डोळा कुत्रीवर आहे. आणि इतका साळसूद, की कुत्रीकडे बघतसुद्धा नाही. बोलताना सारखा माझ्याकडेच बघतो, मला संशय येऊ नये म्हणून.

३० जानेवारी, गुरुवार

कोश आला! विटेएवढा जाड. निएवेसने दोन्ही हातांनी दिला.

मी अकराव्या वर्षी शाळा सोडली, मेंढ्यांमागे गेले. पुस्तकं वाचायला लागले ती चाळिशीनंतर. त्यामुळे कोशातल्या बारीक खुणा आणि आडव्या रेघा कळायला अख्खी दुपार गेली. पण कळलं.

'आयार' लॅटिनमधून आलं. मूळ शब्द 'आफ्लारे'. त्याचा अर्थ सापडणे नाहीच! अर्थ आहे फुंकर घालणे, एखाद्या गोष्टीवर श्वास सोडणे. मग तो श्वास उलटा फिरला. सोडण्याचा झाला घेण्याचा, म्हणजे हुंगण्याचा. शिकारी माणसं कुत्र्याविषयी असं बोलायची: कुत्र्याने हुंगलं, म्हणजे माग लागला. आणि माग लागला म्हणजे सापडलंच. पुढे त्या शब्दातून कुत्रं गळून पडलं आणि माणसं स्वतःविषयीच तो शब्द वापरायला लागली.

मी तीनदा वाचलं. म्हणजे दोन हजार वर्षांत राजे, बिशप, वकील, ज्याला ज्याला काही सापडलं, त्या सगळ्यांनी कुत्र्याचा शब्द उसना घेतला, आणि परत केला तो फक्त एलादिओने. त्याला हे ठाऊक नव्हतं. त्याच्या बाबांना ठाऊक नव्हतं. पण ट्रफल सापडायचं ते ब्रुनाला, म्हणून शब्दही तिचा.

हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. एकाच माणसाला सांगावंसं वाटलं. शेवटी ब्रुनाला वाचून दाखवलं. तिने ढेकर दिली. तिच्या पोटात एक हाड, दूधपाव आणि एलादिओच्या वाटचे चणे होते.

२ फेब्रुवारी, रविवार

कोशाचा पहिला फायदा. हुंगायचं तर वारा समोरून हवा, नाही तर वास मागच्या मागे निघून जाणार. आणि मी आजवर वाऱ्याला पाठ करून चालत होते, कारण तोंडाला गार लागतं. आज वाऱ्याकडे तोंड केलं. काठीही दाखवली नाही. ब्रुनाला पुढे जाऊ दिलं.

आणि काय! पाऊण तासात ती एका ओकखाली थांबली, पंजाने माती उकरली, माझ्याकडे पाहिलं. मी धावत गेले. गुडघ्यावर बसले, खुरप्याने हळूहळू माती काढली.

कोकराचं हाड. बुधवारचं. तिनेच पुरलेलं.

दगडाआडून भावजींच्या खोकल्याचा आवाज आला. हसल्यासारखा खोकला. थंडीचा फार त्रास होतोय त्यांना.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

एक महिना उरला. ब्रुनाने आता हाडांची चार कोठारं केली आहेत, आणि मी ती सगळी शोधून काढली आहेत.

आज बारमध्ये ओनोरिनाने लाल कागदी हृदयं टांगली होती. कशासाठी कुणास ठाऊक. कांदिदो कोट घालून आला, केस पाण्याने चापून बसवलेले. माझ्यापुढे मधाची बरणी ठेवली, बरणीला लाल फीत.

"रोझमेरीचा आहे," म्हणाला. "पहिल्या काढणीचा. कुणाला देत नाही मी."

"कुत्र्यांना मध चालतो का?" मी विचारलं.

त्याने बरणीवरची फीत सरळ केली. "चालत असावा," म्हणाला, आणि कॉफी न पिताच गेला. चोराच्या मनात चांदणं!

ओनोरिना म्हणाली, "फेलीसा, तू धन्य आहेस." तिलाही त्याचा डाव कळला असणार.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कोशाची मुदत वाढवून घेतली. निएवेसला मधाची बरणी दाखवली तर ती विनाकारण हसत सुटली.

आज नवं कळलं. 'आयार'च्या सुरुवातीला पूर्वी 'फ' होता. नंतर त्याचा 'ह' झाला. आता तो 'ह' लिहितात, पण तोंडाने म्हणत कुणी नाही. आमच्या गावासारखंच. आधी डॉक्टर गेला, मग शाळा गेली, पाटी तेवढी आहे.

टपालाच्या पेटीवर एलादिओचं नाव अजून आहे. टपालवाला विचारत होता, काढायचं का. म्हटलं, राहू दे. लिहिलेलं असावं. म्हणायलाच हवं असं नाही.

१ मार्च, शनिवार

पंधरा दिवस. ब्रुना इतकी गोल झाली आहे की गळ्यातला पट्टा दोन भोकं सैल करावा लागला. सातुरभावजी आज दोन हाडं घेऊन आले आणि जाता जाता तिच्यासाठी त्यांच्या अंगणात बांधलेलं घर दाखवायला बोलावून गेले. छान बांधलंय. कौलारू. त्यावर नावही रंगवलंय.

घरी येऊन तिच्या शेजारी जमिनीवर बसले. तिच्या मानेत अजून त्याच्या तंबाखूचा वास आहे असं मला वाटतं. किंवा मला तसं वाटायला हवं असतं.

५ मार्च, बुधवार

राखेचा बुधवार. उपास. पाद्रीबाबा म्हणतात साठी ओलांडलेल्यांना माफ आहे, पण आई ऐंशीव्या वर्षीही करायची, तेव्हा मीही करते. सकाळपासून फक्त पाणी.

अकरा वाजता मी अंगणात कपडे वाळत घालत होते आणि अचानक ओनोरिनाच्या कढईतला कांदा नाकात शिरला. तिचा बार तीन गल्ल्या पलीकडे! बाराला पाद्रीबाबांकडची मासळी आली. साडेबाराला वरच्या आळीतून मेण वितळल्याचा वास, म्हणजे कांदिदो पोळ्यांच्या चौकटी साफ करतोय. कोपऱ्यावरच्या भिंतीमागे सातुरभावजींची ओली लोकरी बंडी आहे, हे मला ती वळणावर दिसायच्या आधी कळलं. माझं नाक आयुष्यात असं चाललं नव्हतं. एक वाजता मी डोळे मिटून गावाचा नकाशा काढला असता.

भुकेने. नुसत्या भुकेने.

मग मी ब्रुनाकडे पाहिलं. दूधपाव, हाड, आणि माझा उपास असल्यामुळे कालची सगळी उरलेली मसूर. पाय वर करून घोरत होती.

मी खुर्चीत बसले. बराच वेळ.

६ मार्च, गुरुवार

ओनोरिनाचे वडील ट्रफल काढायचे. तिलाच विचारलं.

"अगं बाई! तू तिला सकाळी खायला घालतेस? रानात जायच्या आधी?"

"थोडंसंच. दूधपाव."

"आणि एलादिओ?"

"मी उठायच्या आत तो निघालेला असायचा."

"पोट भरलेलं कुत्रं शोधेल कशाला, फेलीसा? त्याला संध्याकाळी एकदाच द्यायचं. आणि रानात, काही सापडलं तर, बोटाच्या पेराएवढा चीजचा तुकडा. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. सातुरला तर नक्कीच माहीत आहे."

"भावजी तर दोन महिने हाडं आणतायत."

"हो ना!"

"माणुसकीने."

ओनोरिनाने फडकं खाली ठेवलं. "एवढा जाड कोश वाचतेस, आणि तुला दीर वाचता येत नाही?"

घरी येताना मला नाड्या नसलेले बूट आठवले. मग खोकला आठवला. मग त्या कौलारू घरावरचं रंगवलेलं नाव. रस्त्यात उभी राहून एक शिवी दिली. पाद्रीबाबा समोरूनच येत होते. त्यांनी आकाशाकडे पाहिलं.

८ मार्च, शनिवार

सातुरभावजींना जेवायला बोलावलं. त्यांच्याच हाडांचं सूप केलं, वर मांस आणि बटाट्याचा रस्सा, डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे, दुधातला भात. एलादिओच्या ताटात वाढलं.

"वहिनी, पुरे."

"घ्या हो, भावजी. थंडी आहे."

तिसऱ्या वाढपानंतर त्यांनी पट्टा सैल केला. भातानंतर डोळे मिटले. मी बडीशेपेच्या दारूची बाटली उघडून नाकाखाली धरली. एरवी या वासाने ते चार घरं पलीकडून उठून बारमध्ये येतात. हलले नाहीत. लसूण ठेचून धरला. काही नाही. ओनोरिनाकडून आणलेलं बकरीचं चीज धरलं, ज्याच्या वासाने टपालवाला दार ओलांडत नाही. घोरणं तेवढं वाढलं.

जागे झाले तेव्हा मी समोर तिन्ही वस्तू मांडून बसले होते.

"झोप लागली वाटतं," म्हणाले.

"हो. विशेषतः पुढची अर्धी गाढ झोपली होती."

त्यांनी बाटली पाहिली, लसूण पाहिला, हाडं पाहिली. कानापर्यंत लाल झाले. मला वाटलं भांडतील. पण टोपी हातात फिरवत बसले.

"त्याने मलाही सांगितलं नाही, वहिनी," म्हणाले. "सख्खा भाऊ. एकदा शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये विचारलं. म्हणाला, ब्रुनाला विचार."

"मग हाडं घालून विचारत होतात?"

ते हसले आणि त्यांचे डोळे भरले, दोन्ही एकदम. मी त्यांना कॉफी दिली. पैज मात्र पैजच, असं दोघांनीही म्हटलं.

९ मार्च, रविवार

मसूर एकीपुरती किती घ्यायची असते? मूठ घेतली, थोडी परत टाकली, पुन्हा घेतली. भांडंही मोठं आहे, तळाशी पातळ थर होतो आणि करपतो.

एकच ताट मांडलं. ब्रुना समोर येऊन बसली. मग दुसऱ्या खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "संध्याकाळी." तिला कळलं नाही. मलाही जेवण गेलं नाही.

संध्याकाळी दोघींनी खाल्लं.

११ मार्च, मंगळवार

काल पाऊस होता, गेले नाही. आज सकाळी दोघीही उपाशी निघालो. तिला एकटीला उपाशी नेणं बरं वाटेना. काठी घरी ठेवली. मागे कुणी नाडी बांधत नव्हतं.

दाराबाहेर पडताच ब्रुना वेगळीच होती. मान खाली, शेपटी ताठ. मी आजवर गेलेल्या एकाही वाटेने ती गेली नाही. वारा समोरून येत होता, डोळ्यांत पाणी येत होतं, त्यामुळे मला दिसत काहीच नव्हतं. नुसती तिच्या मागे चालले. ती एकदा थांबली, नाक वर केलं, वळली. मग पळाली. मी पोचले तेव्हा ती एका ओकखाली पंजा टेकवून उभी होती, आणि शेपटीपासून कानापर्यंत थरथरत होती.

मी गुडघ्यावर बसले. तिने उकरलेली माती मूठभर घेऊन नाकाशी धरली, एलादिओ घ्यायचा तशीच घेतली असेल, मी त्याला तसं करताना कधी पाहिलं नाही. आणि मला तो वास माहीत होता.

माहीत कसा नसेल? एकोणचाळीस हिवाळे हाच वास रोज दुपारी एक वाजता दारातून आत यायचा. त्याच्या बाह्यांना, नखांना, मफलरला. मी म्हणायचे, आधी हात धू. मी तो वास साबणाने घासून काढत आले, दर शनिवारी, गरम पाण्यात. ऑक्टोबरमध्ये त्याचे सगळे कपडे शेवटचे धुतले तेही मीच. कपाटात नाक घालून घालून शोधलं मी त्याला, आणि तिथे साबणच होता.

वाकून त्या खड्ड्यावर किती वेळ श्वास घेत होते, ठाऊक नाही. ब्रुनाने कोपराला ढुशी दिली. तिचा चीजचा तुकडा राहिला होता. तिला तीन दिले.

मग ट्रफल काढलं. अक्रोडाहून बरंच मोठं, काळं, खडबडीत. खड्डा माती घालून नीट बुजवला, नाही तर पुढच्या वर्षी तिथे काही येत नाही. एवढं त्याने सांगितलं होतं.

कुठे, ते मी इथे लिहिणार नाही. या वहीत मी आजवर सगळं लिहिलं. हे नाही.

१३ मार्च, गुरुवार

ट्रफल दोन दिवस अंड्यांबरोबर बरणीत ठेवलं. अंड्यांना वास लागू दिला आणि मग सगळ्यांसमोर काढायचं ठरवलं. वाचनालयाची गाडी आली होती, म्हणून निएवेसही बारमध्ये होती. मी रुमाल सोडला. सगळा बार गप्प झाला. अर्धा गाव त्याच बारमध्ये असतो, म्हणजे अर्धा गाव गप्प झाला.

सातुरभावजींनी ते उचललं, नखाने खरवडलं, आतल्या पांढऱ्या रेघा पाहिल्या, हुंगलं. डोळे मिटून बराच वेळ हुंगलं. मग माझ्या हातात परत दिलं.

"पक्कं. कुत्री तुमची. नाकासकट."

"शेपटीसकट," ओनोरिना म्हणाली.

"शेपटीसकट," ते म्हणाले, आणि टोपी काढली. मग आवाज खाली आणून, अगदी सहज, हवापाण्याचं विचारावं तसं, "कुठे म्हणालात सापडलं?"

 पाद्रीबाबा पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटायचं थांबवलं.

"नदीकडे," मी म्हटलं. "जुन्या गिरणीच्या खाली."

मी खोटं बोलत नाही. कधी बोललेच नाही. पण हे इतकं सरळ बाहेर आलं की मलाच खरं वाटलं. कॉफी पिताना आठवलं: एलादिओही मला नदीकडेच सांगायचा, आणि घरी यायचा ते कोरड्या बुटांनी. एकोणचाळीस वर्षं मी ते बूट पुसले आणि मला कळलं नाही! इतका राग आला की तो समोर असता तर ट्रफल फेकून मारलं असतं. मग हसू आलं. निएवेस म्हणाली, "काकू, रडताय की हसताय?" म्हटलं, कोशात बघून सांगते.

कोश परत दिला. तिने विचारलं, आता पुढचं काय? म्हटलं, खुनाची कादंबरी दे. डोकं थकलंय.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळपासून बार बंद. ओनोरिनाने दारावर चिठ्ठी लावली: 'नदीवर आहे.'

गिरणीच्या खाली अख्खा गाव जमला होता. बारा कुत्री. ती एकमेकांशीच भांडत होती. सातुरभावजी गुडघाभर पाण्यात. पाद्रीबाबांनी टपालवाल्याचं कुत्रं उसनं आणलं होतं आणि लोकांना सांगत होते, हवा खायला आलोय. नदीकाठी ओकचं एक झाड नाही, नुसते पॉपलर, त्यांच्याखाली ट्रफल जन्मात येत नाही. हे त्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण मी कधी खोटं बोलत नाही, हेही माहीत आहे.

मी पुलावरून हात केला. सगळ्यांनी हात केला.

१५ मार्च, शनिवार

हंगामाचा शेवटचा दिवस. भल्या सकाळी दार उघडलं तर पायरीवर कांदिदो. घरून चालत आलेला, कोट घातलेला, हातात काही नाही.

"तू नदीवर गेला नाहीस?" मी विचारलं.

"नाही."

"का?"

"तिथे तुम्ही नसणार होतात."

हे काय उत्तर झालं? मी ब्रुनाचा पट्टा घट्ट धरला आणि म्हटलं, कांदिदो, स्पष्टच विचारते, तुला ही कुत्री हवी आहे का? तो म्हणाला, त्याला कुत्र्यांमुळे शिंका येतात, लहानपणापासून.

"मग तुला जागा हवी आहे."

"जागा नको. ट्रफल मला आवडत नाही. ओल्या तळघरासारखा वास येतो त्याला."

हे मात्र खरं आहे. मी म्हटलं, मग तुझं माझ्याबरोबर काय काम? त्याने टोपी हातात घेतली, टोपीत पाहिलं. मग म्हणाला, नुसतं चालायला यायचंय. जागा कळू नये म्हणून हवं तर डोळ्यांवर फडकं बांधा. हात धरून नेलंत तरी पुरे.

विचित्र माणूस. पण वारा बरोबर समोरून होता आणि दिवस शेवटचा. मी स्वयंपाकघरातलं फडकं आणून त्याच्या डोळ्यांवर घट्ट गाठ मारून बांधलं, आणि निघालो.

तीन तास हिंडलो. ब्रुना दोनदा थांबली, दोन्ही वेळा सशाचं बीळ निघालं. कांदिदो दगडांना ठेचकाळला, एकदा ओकवर आपटला, अठरा वेळा शिंकला, पण फडक्याला हात लावला नाही. वाटभर मी त्याला ते लॅटिनचं सांगितलं, फुंकरीपासून शेवटपर्यंत. मध्ये एकदाही बोलला नाही. मला वाटलं झोपला असेल, पण चालत होता.

काही सापडलं नाही. परत येताना बोलता बोलता फडकं सोडायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही, आणि त्यानेही आठवण केली नाही. चौकात ओनोरिना, सातुरभावजी आणि ओल्या विजारींतला सगळा गाव आमच्याकडे बघत उभा होता, तेव्हा कळलं, आणि त्याचा हात अजून माझ्या हातात होता.